चुकीवर बोट ठेवता यावे म्हणून

13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना आदेश दिला की, वनहक्काचे ज्यांचे दावे फेटाळले गेले आहेत त्यांना वनजमिनीवरून हटवावे. देशभरच्या लाखो कुटुंबांच्या डोक्यावर टांगती तलवार आली. अवघ्या पंधरा दिवसांत, 28 फेब्रुवारीला, न्यायालयानेच तो आदेश स्थगित केला आणि राज्यांना काही प्रश्न विचारले. दावे निकाली काढताना कोणती कार्यपद्धती पाळली? ते कोणत्या कारणाने फेटाळले? दावेदाराला पुरावा मांडण्याची संधी मिळाली का? फेटाळण्याचा आदेश कारणांसह दिला गेला का? तोवर समोर होते ते आकडे: इतके दावे आले, इतके मान्य झाले, इतके नामंजूर. न्यायालयाला हवी होती ती वाट, ज्या वाटेने एकेक दावा त्या आकड्यात जाऊन पडला. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगली जिल्ह्यांत या वाटेवर घरदार, शेती आणि गावाचे जंगल उभे आहे. म्हणून सॉफ्टवेअरच्या गरजा चित्ररूपाने मांडण्याच्या शास्त्राची ओळख या जिल्ह्यांतल्या वनहक्क कारभाराच्या आधाराने करून देणे मला योग्य वाटते.

वरकरणी हा कायद्याचा प्रश्न दिसतो, पण तो नोंदींच्या रचनेचाही प्रश्न आहे. नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत, मग ती वही असो वा संगणक, ‘नामंजूर’ असा एकच रकाना असेल, तर ग्रामसभेने नाकारलेला दावा, उपविभागीय समितीने अपुऱ्या कागदांसाठी अडवलेला दावा आणि ज्याचा निर्णय दावेदाराला कधी कळवलाच नाही असा दावा, हे तिन्ही एकाच राशीत जमा होतात. पुढे कोणी कितीही हुशार प्रोग्रॅम लिहिला तरी ती रास वेगळी करता येत नाही. हा रकाना एकच असावा असे ठरले तेव्हा ते बहुधा कोणी मुद्दाम ठरवले नसेल. ते शब्दांत लिहिलेल्या मागणीत आपोआप घडून गेले असेल. संगणकशास्त्रज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1986 सालच्या एका निबंधात लिहिले होते की, सॉफ्टवेअर घडवण्यातला सर्वांत अवघड भाग म्हणजे नेमके काय घडवायचे हे ठरवणे, आणि तिथे झालेल्या चुकीइतकी महाग चूक दुसरी नाही. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. काय घडवायचे हे केवळ वाक्यांच्या यादीने ठरवले तर उणिवा लपून राहतात. आकृती काढली की रिकामी जागा उघडी पडते आणि ज्याचे काम आहे तो माणूस त्या जागेवर बोट ठेवू शकतो. आकृतीचे खरे मोल या आक्षेप घेण्याच्या सोयीत आहे.

हे शास्त्र आजचे नाही. पीटर चेन यांनी 1976 मध्ये माहितीच्या घटकांचे परस्परसंबंध चौकटी आणि रेषांनी दाखवण्याची पद्धत मांडली. टॉम डिमार्को यांनी 1978 मध्ये माहिती कुठून कुठे वाहते याच्या आकृत्यांवर उभे असलेले विश्लेषण लोकप्रिय केले. डेव्हिड हॅरेल यांनी 1987 मध्ये एखादी गोष्ट कोणकोणत्या अवस्थांतून जाते हे दाखवणाऱ्या आकृत्यांना शिस्त दिली. 1997 मध्ये यूएमएल ही एकत्रित चिन्हभाषा प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. पुढे 2012 साली जॉय बीटी आणि अँथनी चेन यांनी केवळ गरजांसाठीच्या आकृत्यांवर पुस्तक लिहिले आणि त्यांची चार घरांत विभागणी केली: उद्दिष्टे, माणसे, व्यवस्था आणि माहिती. ही विभागणी ध्यानात ठेवावी अशी आहे, कारण आपल्याकडे बहुतेक मागणीपत्रे व्यवस्थेपासून सुरू होतात, म्हणजे ‘लॉगिन असावे, अहवाल निघावा’ इथून. उद्दिष्ट कोणाचे आणि माणूस कोण हे मागाहून येते किंवा येतच नाही. त्यात दोनशे मागण्यांची क्रमवार यादी वाचताना माणसाच्या मनात एका वेळी पाच-सात गोष्टीच मावतात. विसाव्या मागणीने मान्य केलेले एकशे सत्तराव्या मागणीने मोडले तरी वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही, आणि सगळे मान्य म्हणून सही होते.

आता एक दावा जवळून पाहू. वनहक्क कायदा 2006 चा, त्याचे नियम 2008 पासून लागू झाले आणि 2012 मध्ये त्यांत महत्त्वाचे बदल झाले. दावा ग्रामसभेकडे येतो. वनहक्क समिती जागेवर जाऊन पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते, ठराव उपविभागीय स्तरीय समितीकडे जातो, तिथून जिल्हास्तरीय समितीकडे, आणि ती अंतिम निर्णय देते. वाक्यात हा सरळ रस्ता वाटतो. कागदावर प्रत्येक अवस्थेची चौकट काढून बाण जोडायला घेतले की रस्ता सरळ उरत नाही. वरच्या समितीला ठराव अपुरा वाटला तर तिने दावा परस्पर फेटाळू नये, फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवावा, असे 2012 चे नियम सांगतात. म्हणजे एक बाण मागे वळतो. दाव्यात काटछाट झाली किंवा तो नाकारला गेला तर दावेदाराला ते प्रत्यक्ष कळवावे लागते, म्हणजे ‘नाकारला’ आणि ‘नाकारल्याचे कळवले’ या दोन वेगळ्या अवस्था झाल्या. त्यानंतर तो वरच्या समितीकडे दाद मागू शकतो, म्हणजे ‘मुदत चालू’, ‘दाद मागितली’ आणि ‘मुदत संपली’ अशा आणखी तीन. एका रकान्याच्या जागी सहा-सात चौकटी उभ्या राहिल्या, आणि न्यायालयाने 2019 मध्ये विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर यांतल्या कुठल्यातरी चौकटीत किंवा बाणावर सापडते.

बाणांवर अटी लिहू लागलो की आणखी एक गोष्ट दिसते. दाद मागण्याची मुदत साठ दिवसांची, पण मोजायची कधीपासून? कायद्याचे कलम ग्रामसभेच्या ठरावाच्या तारखेपासून म्हणते. नियम मात्र निर्णय कळवण्यावर भर देतात आणि तीस दिवसांची वाढही ठेवतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. तिथल्या माणसाच्या दृष्टीने निर्णय झाल्याची तारीख आणि निर्णय हातात पडल्याची तारीख यांत महिन्याचे अंतर पडू शकते. प्रणालीत एकच तारीख साठवली तर हे अंतर कायमचे पुसले जाते. दुसरे उदाहरण बदलाचे. 18 मे 2020 रोजी महाराष्ट्राच्या राज्यपालांनी राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रापुरती कायद्यात दुरुस्ती केली आणि जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय स्तरावरील समितीकडे अपिलाची वाट उघडली. जी चौकट शेवटची होती तिच्यातून नवा बाण निघाला. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात नाहीत, त्यामुळे हा बाण काही गावांना आहे आणि काहींना नाही. ज्यांच्याकडे आकृती आहे त्यांना एक बाण आणि त्यावरची एक अट वाढवावी लागते. ज्यांच्याकडे फक्त मागण्यांची यादी आहे, त्यांना ‘अंतिम’ हे गृहीत कुठेकुठे दडले आहे ते सबंध यादीत आणि नंतर सबंध प्रोग्रॅममध्ये शोधत बसावे लागते.

सगळ्याच गरजा अवस्थांनी सांगता येत नाहीत. ग्रामसभेची गणपूर्ती घ्या. 2012 च्या नियमांप्रमाणे सभेला एकूण सदस्यांपैकी किमान निम्मे हजर हवेत, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, आणि दाव्यांबाबत ठराव करायचा असेल तर किमान निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर हवेत. वाचताना हे एकच वाक्य वाटते. निर्णयतक्ता मांडला तर तीन अटींच्या आठ शक्यता होतात. त्यांपैकी एकीत दाव्यांवरचा ठराव वैध ठरतो. उरलेल्या सातांत काय करायचे? सभा तहकूब झाली असे नोंदवायचे, की सभा भरली पण दाव्यांचा विषय पुढे ढकलला असे? स्त्रियांची संख्या कमी पडली तर ते कारण नोंदीत दिसले पाहिजे की नाही? शिवाय तिन्ही अटींचे छेद वेगळे आहेत: एकूण सदस्य, हजर सदस्य, दावेदार. म्हणजे प्रणालीकडे सदस्यांची यादी, त्या दिवसाची हजेरी आणि दावेदारांची यादी अशा तीन गोष्टी हव्यात. ‘गणपूर्ती तपासावी’ या दोन शब्दांच्या मागणीतून यांतले काहीही हाती लागत नाही.

काम कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाते हे पाहायचे तर पट्ट्यांची आकृती लागते. त्यात प्रत्येक पक्षाला एक आडवा पट्टा असतो आणि त्याचे काम त्याच्याच पट्ट्यात लिहायचे असते. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाची कहाणी या आकृतीचे मोल पटवून देते. सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या पहिल्या अशा हक्कांपैकी तो एक होता. कायद्याने गौण वनोपजात बांबूचाही समावेश केला होता आणि त्यावर मालकी दिली होती. ही साखळी पट्ट्यांत मांडली तर तोड, मोजणी आणि विक्री ही कामे ग्रामसभेच्या पट्ट्यात येतात. त्यापुढच्या वाहतूक परवान्याची चौकट मात्र वनविभागाच्या पट्ट्यात पडते, आणि तिथून पुढे जाणारा बाण नव्हता. हक्क हातात, बांबू समोर, पण तो गावाबाहेर नेता येत नाही अशी ती कोंडी होती. 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे 2012 च्या नियमांनी परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्याच समितीकडे दिले. म्हणजे एक चौकट एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेली. गावाने ती जागा संघर्ष करून दाखवून दिली. व्यवस्था रचणाऱ्यांनी ती आधीच पाहायला हवी होती.

माहितीची रचना हा चौथा भाग, आणि इथल्या चुका सर्वांत खोल जातात. संगणकप्रणालीत ‘गाव’ आणि ‘ग्रामपंचायत’ यांची तयार यादी असते आणि ग्रामसभा ही पंचायतीचीच सभा असे धरले जाते. पण वनहक्क मिळाला तेव्हा मेंढा हे गाव लेखा या गटग्रामपंचायतीत होते, आणि तो हक्क मेंढ्याच्या ग्रामसभेला मिळाला. अनुसूचित क्षेत्रात तर तिथल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्यामुळे पाडा-टोल्याचीही स्वतःची ग्रामसभा असू शकते. पंचायत एक, ग्रामसभा अनेक. जंगल एक, त्यावर हक्क सांगणारी गावे कधी अनेक. वैयक्तिक वनहक्काचा जमीनपट्टा एक, पण विवाहित दावेदाराच्या बाबतीत तो पती-पत्नी दोघांच्या नावे. ‘एक’ आणि ‘अनेक’ या आकृतीतल्या रेषेच्या टोकांना लिहायच्या खुणा आहेत. त्या लिहिल्या नाहीत तर पत्नीचे नाव ‘शेरा’ या रकान्यात जाते. तेंदूपत्त्याच्या हिशोबातही हेच. सत्तर पानांचे एक पुडके, हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. फळीवर, म्हणजे पाने गोळा होतात त्या केंद्रावर, कुटुंबाची मजुरी पुडक्यांच्या शेकड्यावर मोजली जाते, ठेकेदाराशी करार गोणीवर होतो, आणि ग्रामसभेला मिळालेली रक्कम पुन्हा कुटुंबांत वाटायची असते ती प्रत्येकाच्या पुडक्यांच्या प्रमाणात. पुडके, शेकडा आणि गोणी यांचा संबंध आकृतीत नसेल तर मे महिन्यात फळीवर झालेली मोजणी आणि नंतर होणारे वाटप यांचा मेळ कोणालाच घालून दाखवता येणार नाही.

या सगळ्यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप ब्रुक्स यांचाच. ज्या निबंधाचा आधार मी वर घेतला त्यातच त्यांनी म्हटले आहे की सॉफ्टवेअर मुळात अदृश्य आहे. इमारतीचा जसा आराखडा काढता येतो तसा त्याचा एक आराखडा निघत नाही, एकमेकांवर रचलेल्या अनेक आकृत्या निघतात. हे मान्यच करायला हवे. सगळे काही दाखवणारी एकच भव्य आकृती काढण्याचा हट्ट वाया गेलेला आहे, आणि भिंतभर पसरलेल्या आकृत्या कोणी वाचत नाही हेही खरे. पण ब्रुक्स यांचे निरीक्षण प्रोग्रॅमच्या अंतर्गत रचनेबद्दल आहे. गरजांच्या आकृत्या दाव्याच्या, सभेच्या, परवान्याच्या असतात. या गोष्टी माणसांच्या जगात घडतात आणि माणसांना माहीत असतात. म्हणून एका प्रश्नाला एक छोटी आकृती, आणि ज्या प्रश्नावर वाद नाही त्याला आकृतीच नाही, हा संयम पाळला तर हा आक्षेप आडवा येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, चौकटी आणि बाण ही शहरी, शिकलेल्या लोकांची लिपी आहे. गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी आणि मराठी बोलणाऱ्या या मुलखात ती कोण वाचणार? यात तथ्य इतके की यूएमएलची सगळी चिन्हे ग्रामसभेपुढे ठेवणे हा उद्धटपणा ठरेल. पण ज्यांना चिन्हे कळणार नाहीत असे आपण मानतो, त्यांनीच वनहक्काच्या दाव्यांसाठी शिवार फेरी करून, नाले, देवस्थाने, जुने गावठाण आणि चराईच्या जागा दाखवणारे नजरी नकाशे तयार केले आहेत. चित्रात आपले जग ओळखणे आणि ‘हा नाला इकडे नाही, तिकडे आहे’ असे सांगणे गावाला जमते. वीस पानांचे मागणीपत्र, तेही कार्यालयीन मराठीत किंवा इंग्रजीत, त्याला जमत नाही. मेंढ्याने अभ्यासगट चालवून आणि सर्वसहमतीने निर्णय घेऊन हे दाखवून दिले आहे की गुंतागुंतीचा विषय गाव पेलू शकते. अट एकच, तो विषय गावासमोर उघडा मांडला पाहिजे. चौकट, बाण, पट्टा आणि ‘एक-अनेक’ची खूण, एवढी सामग्री पुरेशी आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. आकृती ही सत्ता आहे. जंगलाचे नकाशे आणि कक्ष क्रमांक ज्यांनी आखले, त्यांनी निस्ताराचे, म्हणजे गावाच्या जंगलवापराचे, जुने, सैल, ऋतूनुसार बदलणारे व्यवहार रेषांत कोंबले. दोन गावांनी समजुतीने वापरलेल्या रानावर रेषा ओढली की वादाला तोंड फुटते. संगणकातली आकृतीही तेच करू शकते, आणि ती नीटनेटकी दिसते म्हणून अधिकच खरी वाटते. यावर उत्तर कायद्यातच सापडते. उपग्रह चित्रे इतर पुराव्यांना पूरक ठरू शकतात, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत, असे 2012 च्या नियमांत आले आहे. हाच नियम आकृतीला लावावा. प्रत्येक आकृतीवर ती कोणी काढली, कधी काढली आणि कोणत्या भागाला कोणाची हरकत आहे हे लिहिलेले असावे. सामाईक वापराचे रान असेल तर ‘अनेक गावे’ ही खूण निर्भीडपणे लिहावी, सोयीसाठी एक गाव निवडू नये. शिवाय सत्ता आकृती न काढल्यानेही नाहीशी होत नाही. ती प्रोग्रॅमच्या ओळींत जाऊन बसते, जिथे गावाला तर सोडाच, तहसीलदारालाही ती दिसत नाही. दिसणाऱ्या रेषेशी भांडता येते.

शेवटचा आक्षेप वेळेचा. आजकाल थोडे थोडे बनवत जावे, लोकांना दाखवावे आणि सुधारत जावे अशी रीत आहे, आणि आता तर साध्या वाक्यांवरून संगणकच प्रोग्रॅम लिहून देतो. मग आकृत्यांचा खटाटोप कशाला? जिथे चूक झाली तर पडदा बदलून भागते, तिथे हे म्हणणे रास्त आहे. पण जिथे चुकीच्या नोंदीवरून एखाद्या कुटुंबाला जमीन सोडण्याची नोटीस जाऊ शकते, तिथे पहिली चूकच परवडत नाही. आणि वाक्यावरून प्रोग्रॅम जितक्या झटपट तयार होतो, तितक्याच झटपट वाक्यातली उणीवही प्रोग्रॅममध्ये उतरते. बनवणे स्वस्त झाले म्हणून ठरवण्याचे महत्त्व वाढले आहे. आकृत्या जुन्या पडतात हेही खरे, म्हणून मोजक्याच ठेवाव्यात आणि नियम बदलला की त्याच दिवशी बदलाव्यात. दाव्याच्या अवस्थांची आकृती एका पानावर मावते. ती अद्ययावत ठेवणे कोणत्याही कार्यालयाला अशक्य नाही.

हा विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना, विशेषतः गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरात संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना, माझे सांगणे आहे की चिन्हे पाठ करून थांबू नका. आपल्या गावातला एक व्यवहार घ्या, तेंदूचे वाटप घ्या, वन्यप्राण्याने केलेल्या पीकनुकसानीचा अर्ज घ्या, आणि तो एका पानावर मांडून ज्यांचा तो व्यवहार आहे त्यांच्यापुढे ठेवा. प्रणाली बनवून घेणाऱ्या अधिकाऱ्यांना विनंती अशी की, निविदेसोबत मागण्यांची यादी जाते तशी या आकृत्याही जाऊ द्या, आणि काम सुरू करण्याआधी किमान एका ग्रामसभेत त्या वाचल्या जाऊ द्या. तिथे निघालेल्या हरकती इतिवृत्तात नोंदवा आणि प्रत्येक हरकतीचे पुढे काय झाले ते त्या ग्रामसभेला लेखी कळवा. ज्या आकृतीवर एकही हरकत आली नाही, ती मान्य झाली असे समजू नका. ती अजून योग्य माणसांपर्यंत पोहोचलेली नाही असे समजा, आणि पुन्हा घेऊन जा.